कुंभार्ली घाटात मीटरमध्ये पिवळं चित्र उगवलं, आणि पुढचं रामायण

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी शिकले एक्कावन्नाव्या वर्षी, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

चौदा महिन्यांपूर्वी छोटी पेट्रोल गाडी घेतली, क्लच नसलेली. आई पाटणला असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी घाट चढणं होतं. रविवारी कुंभार्लीत पाऊस, धुकं, पुढे रांगणारा ट्रक, आणि अर्ध्या घाटात मीटरमध्ये एक पिवळं चित्र उगवलं. मला आधी ती नळाची तोटी वाटली. शेजारी सासूबाई. त्या म्हणाल्या, "काहीतरी लागलंय गो, देवाचं नाव घे." देवाचं नाव घेत माथ्यापर्यंत गेले आणि पहिली टपरी दिसली तिथे गाडी बाजूला घेतली. भजी तळणारा मुलगा हात पुसत आला, आत डोकावला आणि म्हणाला, "पिवळाय ना? मग जावा हळूहळू. लाल असता तर हितंच ठिवायला लावली असती."

त्याच्या भरवशावर पाटणला पोचले, परतही आले. दिवा अजून लागलेलाच आहे. गाडी चालते व्यवस्थित. तो मुलगा बरोबर होता का? गाडीचं पुस्तक इंग्रजीत, तीनशेच्या वर पानं, आणि ते ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आलं त्याच पिशवीत अजून आहे. खोटं कशाला बोलू.

पाना_१०_१२

ताई, पोरगं बरोबर होतं, पण त्यानं अर्धंच सांगितलं. कोल्हापुरात गॅरेज आहे माझं, बावीस वर्षं झाली, म्हणून सांगतो.

तुमची ती नळाची तोटी म्हणजे इंजिनाचं चित्र. लाल दिसलं की थांबायचं, पिवळं दिसलं की लवकर दाखवायचं, हिरवं-निळं म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच. हे धरून चालायला हरकत नाही. पण पिवळ्या इंजिनाच्या बाबतीत आणखी एक बघायचं, ते म्हणजे दिवा स्थिर आहे की उघडझाप करतोय. स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर दोन-चार दिवसांत स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, लावून घ्या. उघडझाप करत असेल तर तो पिवळा असला तरी मनात लालच समजा. बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही असा असतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातली घाण कमी करणारा डबा) जाऊन तिथं पेटतं. आतली जाळी वितळली की बिल बघून माणूस घाम पुसत बसतो, कारण त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा असतो. एक्सलेटर सोडायचा, हळू बाजूला घ्यायची.

आता लालातलं सगळ्यात वाईट म्हणजे तेलाची झारी. लोकांना वाटतं ऑइल कमी झालं म्हणून दिवा आला, पुढच्या गावात टाकू. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. दाब नाही म्हणजे आतले भाग कोरडे घासायला लागलेत. पुढचं गाव येईपर्यंत इंजिन जाम होऊन धरलेलं असतं. बाजूला घ्या, बंद करा, थोडं थांबून काठी ओढून बघा. काठीवर ऑइल बरोबर दिसलं तरी परत चालू करू नका, टोइंगच बोलवा.

लाल बॅटरी आली म्हणजे बॅटरी गेली असं नाही, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारा आल्टरनेटर चार्जिंग करत नाही. दिवसा थोडं अंतर निघून जातं. पण काही इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर पाठोपाठ तापमान चढणारच. तेव्हा बॅटरीचा दिवा आला की लगेच दुसऱ्या डोळ्याने तापमान बघा.

जुना_खटारा

आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला एवढे दिवेच नव्हते. इंजिन बिघडलं की नाकाला, कानाला आणि बुडाला कळायचं. आता गाडीला सर्दी झाली तरी मीटरमध्ये दिवाळी.

क्लचप्लेट

@जुना_खटारा, काका, तुमची पद्मिनी खंडाळ्यात उकळून किती वेळा उभी राहिली तेही सांगा की. बाटल्यांतून पाणी आणणारी पोरं आम्हीच होतो.

ताई, एक गंमत करून बघा. किल्ली फिरवा पण इंजिन चालू करू नका. मीटरमधले बहुतेक दिवे एकदम लागतील. ती दिवाळी म्हणजे गाडीने घेतलेली हजेरी. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो, एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) विझतो. इंजिन, ऑइल आणि बॅटरीचे इंजिन सुरू झाल्यावर विझतात. जो विझत नाही त्याची तक्रार आहे.

आणि जो लागतच नाही त्याची जास्त मोठी तक्रार आहे. मी सेकंडहँड गाडी बघायला गेलो होतो, सगळं चकाचक. किल्ली फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागलाच नाही. विकणारा म्हणतो, "बघा, एकही वॉर्निंग नाही!" मागचा अपघात लपवायला दिवाच मारून टाकला होता. चहा पिऊन परत आलो.

वाशिष्ठीकाठ

खूप खूप आभार. पाना दादा, तुमचा प्रतिसाद कागदावर उतरवून गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे, त्या पिशवीतल्या पुस्तकावरच.

आज सर्व्हिस सेंटरला जाऊन आले. नाव घेत नाही. स्कॅनर लावल्यावर कोड आला पी ०१३५. मग बोनेट उघडून मुलाने टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, उंदीर." ऑक्सिजन सेन्सरकडे जाणारी वायर कुरतडलेली. शेजारी वाळलेलं गवत, अर्धी शेंग, सगळा संसार. आमच्या अंगणात फणसाखाली गाडी उभी असते.

वॉरंटीत बसणार नाही म्हणाले. वर पूर्ण वायरिंग बदलावं लागेल, १८ हजारांच्या पुढे जाईल, असं तोंडी सांगितलं. मी म्हटलं, गाडी तीन वर्षांच्या वॉरंटीत आहे ना? तर "ते मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला असतं मॅडम." बाजारपेठेतला ओळखीचा इलेक्ट्रिशियन पाचशे रुपयांत वायर जोडून देतो म्हणाला आहे. जाऊ का त्याच्याकडे?

पाना_१०_१२

थांबा ताई!! त्याच्याकडे जाऊ नका. हे सांगताना माझ्याच पोटावर पाय येतो, कारण मीही तसलाच बाहेरचा माणूस आहे.

पी ०१३५ म्हणजे पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आतल्या हीटरचं सर्किट तुटलंय. सेन्सर गरम झाल्याशिवाय नीट मोजत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. गाडी चालेल, ॲव्हरेज थोडं पडेल, घाबरण्यासारखं काही नाही. म्हणजे घाई नाही. घाई नसली की भांडायला वेळ मिळतो.

उंदराचं नुकसान वॉरंटीत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वॉरंटी म्हणजे कंपनीने माल किंवा बनावट चुकीची दिली तर. उंदीर कंपनीने दिलेला नाही. पण एका सेन्सरच्या दोन-चार वायरी कुरतडल्या म्हणून अख्खं वायरिंग बदलायचं हे मला पटत नाही. तेवढाच तुकडा बदलून, जोड देऊन, वर उष्णतेला टिकणारी नळी चढवता येते. फक्त हे काम त्यांच्याकडूनच करून घ्या. बाहेर जोड मारलात तर उद्या गाडीत इलेक्ट्रिकचं काहीही निघालं की बोट त्या जोडाकडे. "बाहेर वायरिंगला हात लावलाय", की वॉरंटीचा विषय संपला.

ग्राहकपेठ

वरच्या प्रतिसादाला +१. त्यात थोडी भर. तोंडी बोललेलं काही खरं नसतं, जॉब कार्डवर लिहिलेलं खरं. गाडी आत देताना तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा. "जनरल चेकअप" असं लिहू देऊ नका. "अमुक तारखेला, इतक्या किलोमीटरला, घाट चढताना पिवळा इंजिनाचा दिवा" असं लिहा. दिवा लागला असताना मीटरचा फोटो काढून ठेवा, ज्यात किलोमीटरही दिसतील. दिवा विझला की पुरावाही विझतो. वॉरंटीत असताना नोंदलेली तक्रार मुदत संपल्यावर परत उद्भवली, तर बोलायला आधार राहतो. नोंदच नसेल तर तुम्ही आणि तुमचं नशीब.

दुसरं म्हणजे, नाकारत असतील तर कोणत्या अटीखाली आणि नक्की कोणत्या भागापुरतं, हे लिहून मागा. उंदराने एक वायर खाल्ली म्हणून बाकी गाडीची वॉरंटी जात नाही. हे त्यांनाही माहीत असतं, फक्त स्वतःहून कोणी लिहून देत नाही.

एवढ्यावर ऐकलं नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मोबदला, म्हणजे वस्तू घेताना तुम्ही मोजलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच काम होतं. पण तुमच्या बाबतीत तिथवर जायची वेळ येईल असं वाटत नाही.

जर्सीकर

न्यू जर्सीतून. माझंही पिवळं इंजिन लागलं होतं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट घट्ट केलं आणि दोन दिवसांत गेलं. ताई, आधी ते बघा. आणि बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी नाकारायची, असलं इकडे चालत नाही. १९७५ चा कायदा आहे, मॅग्नुसन-मॉस नावाचा. त्या बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं.

पाना_१०_१२

साहेब, तुमच्याकडच्या गाड्या टाकीतून वाफ गळते का तेही तपासतात, म्हणून झाकण सैल राहिलं की दिवा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती तपासणीच नाही. यूट्यूबवर बघून लोक झाकण पिळत बसतात, आटे जातात पण दिवा जात नाही. आणि तुमचा तो कायदा चिपळूणच्या काउंटरवर दाखवून उपयोग काय?

बहादूरशेखनाका

ताई, गाववाले! उंदराचा क्लेम विम्यातून होतो की. माझ्या भावाने केला. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर बऱ्याच विमा कंपन्या देतात. पॉलिसीचा कागद मात्र वाचून बघा.

ग्राहकपेठ

होतो, पण आधी पाटीवर हिशेब मांडा. समजा तुकडा बदलायचे ३,४०० झाले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे आपल्याच खिशातून जाणारे, १,००० रुपये. झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारी जोडणी) नसेल तर प्लास्टिक-रबरच्या भागांचे निम्मेच धरतात. हातात येणार दोन हजार किंवा त्याहूनही कमी. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. पहिलं वर्ष क्लेमविना गेलं म्हणून आत्ता २० टक्के मिळाला असेल, पुढच्या वर्षी २५ झाला असता, तो थेट शून्य. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी ७,००० असेल तर १,७५० तिथेच गेले, आणि पायऱ्या परत खालून चढायच्या. १८ हजारांचंच बिल असतं तर मीही क्लेम करा म्हटलं असतं.

बहादूरशेखनाका

हा हिशेब भावाला दाखवत नाही आता.

विम्याचं निघालंच आहे तर आमच्या चिपळूणचं एक सांगतो. २२ जुलै २०२१ चा पूर. पाणी ओसरल्यावर ज्यांनी ज्यांनी "चालू होते का बघू" म्हणून किल्ली मारली, त्यांनी स्वतःच्या हाताने इंजिनाची माती केली. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ते वॉरंटीत नाहीच, पण इंजिन प्रोटेक्शनची जोडणी घेतली नसेल तर साध्या विम्यातही बहुधा अडतं. ज्यांनी किल्लीला हात न लावता गाडी ओढून नेली त्यांचं काम कमीत निभावलं. काय दिवस होते ते. वाळत घातलेल्या गाद्या आणि दारं उघडी टाकलेल्या गाड्या, सगळ्या रस्त्याने तेवढंच दिसायचं.

पिंपळपार

धागा पळवतोय, माफ करा. पुण्यात कोथरूड ते डेक्कन एवढंच चालवणं आणि त्यासाठी मोठ्या हौसेने बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) डिझेल गाडी घेतली. आता मीटरमध्ये ठिपके भरलेल्या डब्यासारखं काहीतरी पिवळं येतं. गाडी वॉरंटीत आहे. हे तरी बसेल ना?

पाना_१०_१२

तो डीपीएफ. धुरातली काजळी अडवणारी गाळणी. गाळणीत काजळी साठली की गाडी ती आतल्या आत जाळून टाकते, पण त्याला सलग तापलेला सायलेन्सर लागतो. कोथरूड ते डेक्कनमध्ये तो तापतच नाही. दिवा पिवळा आणि स्थिर असेपर्यंत उपाय फुकट आहे. सातारा रोडला लागा, साठच्या वर एका वेगात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, गिअर जरा खालचा. मध्येच बंद करू नका. नेमका वेग आणि वेळ पुस्तकात दिलेला असतो, तुमच्या गाडीचा तो बघा. दिवा विझला की खंबाटकीच्या अलीकडून चहा पिऊन परत.

दुर्लक्ष केलंत तर गाडी ताकद काढून घेते आणि मग सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून जाळावं लागतं. तिथं वॉरंटी मागितली तर "वापर चुकीचा" म्हणून हात वर करतात. आणखी एक, काजळी जाळण्याचे प्रयत्न वारंवार अर्धवट राहिले की इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरतं. काठीवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका.

पिंपळपार

म्हणजे दर पंधरा दिवसांनी गाडीला फिरायला न्यायची. कुत्रा पाळला असता तर निदान घर तरी राखलं असतं.

वाशिष्ठीकाठ

वाचतेय सगळं. मध्येच बारीकसारीक विचारून घेते. आमचे 'हे' म्हणतात गाडीत आणखी एक बिघाड आहे. महामार्गाला जरा मोकळा रस्ता मिळाला की थोड्या थोड्या वेळाने टुंग करते. शिवाय स्टिअरिंगच्या उजव्या हाताखाली शून्यापासून आकडे असलेलं एक चाक आहे, ते कशाचं? आणि सकाळी सकाळी निळा थर्मामीटर दिसतो तो?

क्लचप्लेट

टुंग म्हणजे काका ८० च्या वर गेले! १ जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. ८० ओलांडलं की अधूनमधून, १२० ला सलग. काकांना सांगा, बिघाड गाडीत नाही.

आकड्यांचं चाक हेडलाइटचा झोत खाली-वर करायला. मागे माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडीचं नाक वर होतं आणि झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. मग आकडा वाढवायचा, झोत खाली येतो. एकटे असाल तर शून्य. घाटात समोरचा सारखा डिपर मारत असेल तर त्याला शिव्या देण्याआधी हे चाक बघा.

निळा थर्मामीटर म्हणजे इंजिन अजून गार आहे. काटा नसलेल्या गाड्यांत असतो. थोड्या वेळाने जातो. तोवर रेटू नका. लाल झाला तर बाजूला घ्या, आणि गरम असताना कूलंटचं झाकण अजिबात उघडायचं नाही. तोंड भाजतं.

शेवग्याची_शेंग

घाट आणि पाऊस म्हणताय तर काचेचं पण सांगा ना कोणीतरी. माझी समोरची काच धुरकटते आणि मी एका हाताने फडकं फिरवत चालवते.

क्लचप्लेट

फडकं ठेवा. आधी बोट लावून बघा धुकं आतून आहे की बाहेरून. आतून असेल तर एसी चालू, हवा काचेवर, आणि गाडीत गोल फिरणाऱ्या बाणाचं बटण बंद, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. आपण सगळे ते बटण धुळीसाठी कायम दाबून ठेवतो आणि पावसात स्वतःच्याच श्वासाची वाफ आत कोंडतो. धुकं बाहेरून असेल तर उलटं, एसीने काच फार गार झालीय. वायपर मारा आणि तापमान वाढवा.

जुना_खटारा

आमच्याकडे तंबाखूची पुडी असायची, काचेवर चोळायला. तीच पुडी इंजिनापाशी बांधा, उंदीर येत नाही.

पाना_१०_१२

काका, तंबाखू, डांबरगोळ्या, फवारे, सगळं बघून झालंय. काही दिवस चालतं, मग उंदराला सवय होते. त्यापेक्षा गाडी फणसाखालून काढा, आत सांडलेला खाऊ झाडून घ्या आणि चार दिवस उभी ठेवायची असेल तर मध्ये एकदा बोनेट उघडून बघा. खालून जाळी मारायची तर बारीक आणि पक्की, तीही सर्व्हिस सेंटरला विचारून.

वाशिष्ठीकाठ

झालं एकदाचं. ग्राहकपेठ यांनी सांगितलं तसं लिहून मागितलं. काउंटरवरचा मुलगा आत गेला, वीस मिनिटांनी मोठे साहेब बाहेर आले. "मॅडम, तेवढा भाग बदलून देतो की." एकूण ३,३८० रुपये. जॉब कार्डवर "फक्त सेन्सरची वायर, उंदीर, इतर वॉरंटी कायम" असं लिहून सही-शिक्का घेतला. सही करताना साहेबांनी विचारलं, मॅडम, तुम्ही वकील का? मी म्हटलं, नाही, बालवाडीची शिक्षिका.

क्लेम केला नाही. वाढीव वॉरंटीचं पत्रकही हातात दिलं, मूळ मुदत संपायच्या आत घ्यावी लागते म्हणाले. त्यात काय काय वगळलंय ते वाचूनच ठरवीन. ब्रेक पॅड आणि वायपर दोन्हींत नाहीत एवढं आत्ताच दिसलं. पुस्तक पिशवीतून बाहेर काढलंय, रोज चार पानं वाचते.

दिवा गेला. पण आज सकाळी अंगणात किल्ली फिरवली तर मीटरमध्ये बुटासारखं काहीतरी आलं आणि गाडी चालूच होईना. सासूबाई देवाचं नाव घेतायत. हा बूट कुठल्या पानावर आहे?

क्लचप्लेट

ताई, ब्रेकवर पाय ठेवा आणि मग चालू करा.

वाशिष्ठीकाठ

झाली.